एकसष्टचा हट्ट: १,७६,६३,१९,०४९ या संख्येचे प्रकरण

एका पूर्ण संख्येचा वर्ग करा, त्याला ६१ ने गुणा आणि एक मिळवा. येणारे उत्तर स्वतः पूर्ण वर्ग असले पाहिजे. शून्य चालणार नाही. तर अशी सगळ्यात लहान संख्या कोणती?

प्रश्न सातवीच्या पोराला कळेल इतका सोपा आहे, आणि ६१ च्या आजूबाजूला तो सुटतोही सहज. ६० घेतले तर ४ ही संख्या चालते: ४ चा वर्ग १६, त्याची साठपट ९६०, त्यात एक मिळवला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ ला ८ चालतात: ६२ × ६४ = ३९६८, आणि ३९६९ हा ६३ चा वर्ग. ६३ ला तर साधा १ पुरतो, कारण ६३ + १ = ६४. हे सगळे तोंडी होते. मग मधल्या ६१ लाही चार-सहा-दहाच्या आसपास काहीतरी मिळेल असे वाटते, आणि माणूस कागद घेऊन बसतो.

मिळत नाही. शंभरापर्यंत नाही, लाखापर्यंत नाही, कोटीपर्यंतही नाही. पहिली चालणारी संख्या २२,६१,५३,९८० आहे. तिच्या वर्गाला ६१ ने गुणून एक मिळवला की ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१ येतात, आणि त्याचे वर्गमूळ १,७६,६३,१९,०४९. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. दर सेकंदाला एक संख्या तपासत रात्रंदिवस बसले, तरी २२,६१,५३,९८० पर्यंत पोचायला सात वर्षांहून जास्त लागतील.

हे उत्तर भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त आहे. शके १०७२, म्हणजे इसवी सन ११५०. ६७ आणि ६१ असे दोन प्रश्न त्यांनी एकाच श्लोकात घातले आहेत आणि वाचकाला मित्र म्हणून डिवचले आहे: वर्गप्रकृती तुझ्या मनात वेलीसारखी पसरली असेल तर सांग. ६७ चे उत्तर ५९६७ आणि ४८,८४२. तेही लहान नाही, पण ६१ समोर ते काहीच नाही.

आधी काय हाताशी होते

या जातीच्या प्रश्नांना आपल्याकडे ‘वर्गप्रकृती’ म्हणतात. ६१ ही प्रकृती. ज्या संख्येचा वर्ग करून गुणायचे ती कनिष्ठ, शेवटी मिळणारे वर्गमूळ ते ज्येष्ठ, आणि जे मिळवायचे तो क्षेप. आपल्याला क्षेप १ हवा आहे. पण मधल्या वाटेवर कुठलाही क्षेप चालतो, आणि सगळी युक्ती तिथेच आहे.

ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त एक नियम दिला, त्याचे नाव ‘भावना’. समजा एका त्रिकुटात कनिष्ठ, ज्येष्ठ आणि क्षेप अशा तीन संख्या बसल्या आहेत आणि तशीच दुसरी तीन आहेत. एकीचे कनिष्ठ दुसरीच्या ज्येष्ठाने, असे तिरपे गुणाकार करून बेरीज घेतली की नवे कनिष्ठ. दोन्ही ज्येष्ठांच्या गुणाकारात कनिष्ठांच्या गुणाकाराची ६१ पट मिळवली की नवे ज्येष्ठ. आणि क्षेपांचा नुसता गुणाकार झाला की नवा क्षेप. म्हणजे जुन्या दोन उत्तरांपासून तिसरे उत्तर शोधाशोध न करता मिळते. क्षेप १ चे एक उत्तर हाती आले की पुढची हवी तेवढी काढता येतात, हेही त्यातूनच आले. ब्रह्मगुप्त त्या वेळी ९२ प्रकृतीचा प्रश्न घालून म्हणतात की हा वर्षभरात सोडवील तो गणक. (उत्तर १२० आणि ११५१. त्यांच्या पद्धतीने तो दोन-चार ओळींत होतो, त्यामुळे ही वर्षाची मुदत पद्धत माहीत नसलेल्यांसाठीच असावी.)

भावना ६० ला आणि ६२ ला लगेच लागू पडते, कारण ८ चा वर्ग ६४ हा त्यांच्यापासून ४ आणि २ अंतरावर आहे, आणि ही अंतरे भागाकारात निघून जातात. ६२ चे बघा. कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप २. स्वतःशीच भावना केली की कनिष्ठ १६, ज्येष्ठ १२६, क्षेप ४. कनिष्ठ-ज्येष्ठांना २ ने आणि क्षेपाला ४ ने भागा: ८, ६३, १. संपले.

आता हेच ६१ ला करून बघू. कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. स्वतःशी भावना: कनिष्ठ १६, ज्येष्ठ १२५, क्षेप ९. आता ३ ने भागायचे, आणि १६ ला ३ ने भाग जात नाही. इथे गाडी रुतते. पुन्हा पुन्हा भावना केली तरी क्षेप २७, ८१ असा वाढत राहतो आणि तीन काही सुटत नाही. ६१ चा हट्ट म्हणतो तो हा.

भास्कराचार्यांचे पाच टप्पे

इथे ‘चक्रवाल’ कामी येते. ही रीत भास्कराचार्यांनी शोधली असे सर्रास लिहिले जाते, पण ते स्वतः तसे म्हणत नाहीत. याला चक्रवाल म्हणतात, असे आधीच्यांकडे बोट दाखवूनच ते सांगतात. उदयदिवाकराने १०७३ साली लिहिलेल्या टीकेत जयदेव नावाच्या गणितज्ञाची हीच रीत उद्धृत केलेली आहे. के. एस. शुक्ल यांनी १९५४ मध्ये ती उजेडात आणली. हा जयदेव ‘गीतगोविंद’कार नव्हे, ‘गीतगोविंद’कार याच्या नंतरचा.

चक्रवालात एक वेगळी संख्या निवडायची. तिला ‘म’ म्हणू. अट अशी की कनिष्ठाला म ने गुणून ज्येष्ठ मिळवल्यावर क्षेपाने पूर्ण भाग गेला पाहिजे, आणि अशा जितक्या संख्या सापडतील त्यांतली जिचा वर्ग ६१ च्या सर्वांत जवळ असेल ती घ्यायची. पहिली अट कुट्टकाने, म्हणजे पूर्ण भाग जाईल अशी संख्या काढण्याच्या जुन्या रीतीने, सुटते. दुसरी अट मात्र निव्वळ शहाणपणाची आहे. क्षेप लहान ठेवायचा, म्हणजे आकडे हाताबाहेर जात नाहीत.

आपल्याकडे १, ८ आणि क्षेप ३ आहे. म + ८ ला ३ ने भाग जायला हवा, म्हणून म १, ४, ७, १० यांतून येईल. ७ चा वर्ग ४९, ६१ पासून १२ दूर. १० चा वर्ग १००, ३९ दूर. म्हणून ७. नवे कनिष्ठ (७ + ८) ÷ ३ = ५. नवा क्षेप (४९ − ६१) ÷ ३ = −४. ज्येष्ठ ३९. पडताळा: ६१ × २५ = १५२५, त्यातून ४ वजा केले की १५२१, हा ३९ चा वर्ग.

आता पुढे चक्र फिरवत राहायचे की नाही, हा प्रश्न होता, आणि सगळ्या प्रकरणातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथे घडते. भास्कराचार्य चक्र सोडून देतात. क्षेप −४ आहे, ४ हा वर्ग आहे, तर सरळ २ ने भागून टाकायचे: कनिष्ठ ५/२, ज्येष्ठ ३९/२, क्षेप −१. अपूर्णांक आले, येऊ देत. पूर्णांकांच्या प्रश्नात मध्येच अर्धे घालून पुढे जायला धीर लागतो, कारण शेवटी हे अर्धे निघून जातील याची खात्री असावी लागते. ही खात्री ब्रह्मगुप्तांच्या ४ क्षेपाच्या नियमातून आली होती.

मग भावना. अर्ध्यांची स्वतःशीच: कनिष्ठ १९५/२, ज्येष्ठ १५२३/२, क्षेप १. क्षेप १ आला, पण संख्या पूर्ण नाहीत. पुन्हा पहिल्या अर्ध्यांशी: कनिष्ठ (५ × १५२३ + ३९ × १९५) ÷ ४ = १५२२० ÷ ४ = ३८०५. ज्येष्ठ २९,७१८, क्षेप −१. अर्धे गेले, पण क्षेप उणे झाला. आता एकदाच, याची स्वतःशी: कनिष्ठ २ × ३८०५ × २९,७१८ = २२,६१,५३,९८०. ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९. क्षेप १.

बावीस कोटींच्या पलीकडचे उत्तर एका पानात, आणि सगळ्यात अवघड गुणाकार पाच अंकी. हा हिशेब एकदा हाताने करून बघावा, फार तर अर्धा तास जातो. नुसते वाचून भास्कराचार्यांचा हात कसा चालायचा ते समजत नाही.

संख्येची अंतर्रचना

या वाटेने गेले की १,७६,६३,१९,०४९ ही संख्या आकाशातून पडल्यासारखी राहत नाही. तिचे शेजारी पाहा. एक कमी केला की १,७६,६३,१९,०४८, आणि ही २९,७१८ च्या वर्गाची बरोबर दुप्पट आहे. एक वाढवला की १,७६,६३,१९,०५०, आणि ही ३८०५ च्या वर्गाची १२२ पट, म्हणजे २ × ६१ पट. डावीकडे एका वर्गाची दुप्पट, उजवीकडे दुसऱ्या वर्गाची एकशेबावीस पट, आणि मधोमध आपली संख्या. योगायोग नाही. शेवटच्या भावनेत ज्येष्ठ कसे बनले ते आठवले की लगेच दिसते: २९,७१८ चा वर्ग आणि ३८०५ च्या वर्गाची ६१ पट यांची ती बेरीज आहे, आणि या दोन राशींत फरक फक्त एकचा आहे.

तिचे अवयवही काढले. ११ × ५९ × १५२३ × १७८७. चारही मूळ संख्या. यातला १५२३ ओळखीचा वाटला पाहिजे: अर्ध्यांच्या पहिल्या भावनेत ज्येष्ठाच्या डोक्यावर हाच बसला होता. म्हणजे वाटेतला एक मुक्काम अंतिम उत्तराचा भाजक होऊन राहिला आहे. कनिष्ठाचे अवयव जास्त बारीक आहेत: २ चा वर्ग, ३ चा वर्ग, ५, १३, १२७ आणि ७६१. कनिष्ठ हे २ × ३८०५ × २९,७१८ असल्यामुळे तेही अपेक्षितच.

आणि ही संख्या एवढी मोठी का, याचेही उत्तर इथेच मिळते. खरे बीज ३९ आणि ५ ही जोडी आहे, क्षेप −४ ची. अर्धे घालवायला तिचा तिसरा घात लागला, आणि उणे घालवायला त्याचा पुन्हा वर्ग. तीन दुणे सहा. ३९ चा सहावा घात ३,५१,८७,४३,७६१ येतो आणि आपल्या संख्येची दुप्पट ३,५३,२६,३८,०९८ आहे. अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक. ६० आणि ६२ ला यातले काहीच करावे लागत नाही, म्हणून त्यांची उत्तरे चिमुकली.

जाता जाता: ज्येष्ठाला कनिष्ठाने भागले तर √६१ मिळते, दशांशानंतर १७ स्थळे बिनचूक. ७.८१०२४९६७५९०६६५४३९, इथवर दोन्ही एकच.

संगणकाचा सापळा

आज कोणीही म्हणेल की लॅपटॉपवर १ पासून मोजत सुटू, काही सेकंदांत होईल. होते, पण कोड कसा लिहिला यावर सगळे आहे. नेहमीची सवय म्हणजे वर्गमूळ काढायचे आणि ते पूर्ण संख्या आहे का ते पाहायचे. हे वर्गमूळ बहुतेक भाषांमध्ये फ्लोटिंग पॉइंटमध्ये निघते, आणि त्यात साधारण १५-१६ अंकांपलीकडची खात्री नसते.

४,२९,१२,७९१ घ्या. तिच्या वर्गाची ६१ पट अधिक एक म्हणजे १,१२,३३,१९,६५,५१,५९,९०,५४२. हा पूर्ण वर्ग नाही. पण ३३,५१,५९,६१२ चा वर्ग आहे १,१२,३३,१९,६५,५१,५९,९०,५४४, फक्त दोनने जास्त. एवढ्या मोठ्या आकड्यांना नेहमीचा ६४ बिटांचा फ्लोटिंग पॉइंट १६ च्या पटीतच साठवू शकतो. ५४२ ने संपणारी संख्या १६ च्या पटीत नाही, तिच्या सर्वांत जवळची पट ५४४ ने संपणारी. म्हणजे संगणक साठवतानाच संख्या बदलतो आणि नेमका खऱ्या वर्गावर जाऊन बसतो. वर्गमूळ काढले की स्वच्छ ३३,५१,५९,६१२ येते आणि प्रोग्रॅम आनंदाने सांगतो की उत्तर सापडले.

ही जोडीही वाटेवरचीच आहे. तिचा क्षेप ३ आहे, १ नाही. √६१ च्या फार जवळ जाणाऱ्या सगळ्याच जोड्यांचे क्षेप लहान असतात, त्यामुळे असे फसवे वर्ग नेमके उत्तराच्या रस्त्यावर भेटतात. पूर्णांकांचेच गणित वापरा, म्हणजे ही भानगड होत नाही. इथल्या सगळ्या संख्या ६४ बिटांच्या पूर्णांकात आरामात मावतात.

फर्माचे ६१

फेब्रुवारी १६५७ मध्ये तुलूजच्या पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने फ्रेनिकल या दुसऱ्या गणितज्ञाला पत्र लिहून हाच प्रश्न घातला. उदाहरणे दिली ६१ आणि १०९, आणि वर मल्लिनाथी केली की तुम्हाला फार त्रास होऊ नये म्हणून लहान संख्या निवडल्या आहेत. इंग्लंडमधून ब्राउंकर आणि वॉलिस यांनी पूर्णांकांत सोडवण्याची रीत काढली. पुढे ऑयलरने नजरचुकीने या समीकरणाला इंग्लिश गणितज्ञ पेल यांचे नाव जोडले, आणि जगभर ते ‘पेलचे समीकरण’ म्हणूनच ओळखले जाते.

आपल्याकडे याची गोष्ट नेहमी एकाच सुरात सांगितली जाते: फर्माने जगाला आव्हान दिले, आणि भास्कराचार्यांनी ते पाचशे वर्षे आधीच सोडवून ठेवले होते. खरे आहे. पण दोघांनी ६१ च का निवडला, हे फार थोडे लोक विचारतात. ‘बीजगणिता’चे फारसी भाषांतर शाहजहानच्या काळात, १६३४-३५ मध्ये, अताउल्ला रशीदीने केले होते. युरोपात हा ग्रंथ छापून पोचला तो स्ट्रेचीच्या १८१३ च्या आणि कोलब्रुकच्या १८१७ च्या इंग्रजी पुस्तकांतून. म्हणजे फर्माने इथून उचलले म्हणायला आधार नाही. उत्तर साधे आहे. १ ते १०० मधल्या सगळ्या प्रकृतींची लहानात लहान उत्तरे मांडली, तर सर्वांत मोठे उत्तर ६१ चे येते. तो विक्रम मोडणारी पहिली प्रकृती १०९. तिचे ज्येष्ठ १५,८०,७०,६७,१९,८६,२४९. ज्याने खरोखर हे गणित हाताखालून घातले आहे तो वाचकाची परीक्षा पाहायला ६१ वरच येणार, मग तो खानदेशात बसलेला असो की फ्रान्समध्ये.

१०९ ची ठेवणही ६१ सारखीच. ३९ चा वर्ग अधिक ४ म्हणजे ६१ × ५². २६१ चा वर्ग अधिक ४ म्हणजे १०९ × २५². पुन्हा क्षेप −४, पुन्हा अर्धे, पुन्हा सहावा घात. भास्कराचार्यांच्या हाती १०९ पडला असता तर त्याच रीतीने सुटला असता.

खानदेश म्हटले ते अंदाजाने नव्हे, पण पूर्ण निश्चितही नव्हे. भास्कराचार्य आपले गाव सह्याद्रीजवळचे विज्जडविड असे सांगतात, आणि ते नेमके कुठले यावर वाद आहेत. चाळीसगावजवळच्या पाटणला मात्र त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा लेख भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चांगदेवाने मठ काढला, असे त्यात आहे. त्या मठात कोणा विद्यार्थ्याने पाटीवर ६१ चा हिशेब केला असेलच.

राहिलेला भाग: सिद्धता

चक्रवाल दर वेळी क्षेप १ वर पोचतेच, हे भास्कराचार्यांनी सिद्ध केलेले नाही. निदान लिहून ठेवलेले नाही. प्रकृती स्वतः पूर्ण वर्ग नसेल तर उत्तर नेहमी असतेच, याची पहिली सिद्धता अठराव्या शतकात लाग्रांजने दिली, तीही वेगळ्या रीतीने, √६१ सारख्या वर्गमुळांना एकात एक गुंफलेल्या अपूर्णांकांच्या साखळीत मांडून. हेर्मान हांकेलने १८७४ मध्ये लिहिले की लाग्रांजच्या आधी संख्यांच्या सिद्धांतात चक्रवालाइतके सुंदर काही झाले नाही. पण चक्रवाल नेहमी चालते याची स्वतंत्र सिद्धता यायला १९२९-३० उजाडले. ती दिली म्हैसूरच्या ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगारांनी. कवी ए. के. रामानुजन यांचे हे वडील.

६१ साठी लाग्रांजच्या साखळीला २२ पायऱ्या लागतात. चक्रवाल भावनेच्या मदतीशिवाय, नुसतेच फिरवत नेले तर १४. क्षेप असे येतात: ३, −४, −५, ५, ४, −३, −१, आणि मग −३, ४, ५, −५, −४, ३, १. शेवटचे सात म्हणजे पहिलेच सात, चिन्हे उलटवून. भास्कराचार्यांनी चक्र सोडले ते यातल्या दुसऱ्याच पायरीवर, −४ पाशी.